रडकी वही

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
१७ नोव्हेंबर २०२५

आयरिन,

तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून कागद घेतला. जेरोमनं काल खेळांचे सगळे डबे आमच्या वॉचमनकडे ठेवले आणि तसाच निघाला. मी गॅलरीतून हाक मारली, तर मान वर करून म्हणाला, "आयरिन घरात न्हाय." तो मीरा रोडला उभा, तू तिकडे चौक गावात. तू घरात आहेस की नाही हे मी विचारलंच नव्हतं. इतका साधा माणूस, नवरा म्हणून तुझा राग पोचवत फिरतोय. मला हसू आलं आणि त्या हसण्याचीच शिसारी आली.

डब्यांत रडक्या वह्या जागच्या जागी आहेत. सहा वर्षं रविवारच्या पुरवणीत माझं 'पटावर' हे सदर येतंय, आणि मुलं असलेल्या घरांसाठी मी सुचवलेला प्रत्येक खेळ आधी तुझ्या टेबलावर खेळला गेलाय. प्रत्येक डब्यात एक वही. घरात लिहिता येणारं सगळ्यात लहान माणूस ती भरणार: कोण जिंकलं, कोण रडलं, हरलेल्यानं खेळ परत मांडला का. तिसऱ्या प्रश्नाला 'हो' नसेल तर शिफारस नाही. नियम तुझाच होता. आधी तुझी मोठी, केली, लिहायची, तीन वर्षांपासून धाकटा गेविन लिहितो.

आता 'खरं सांग' या खेळाबद्दल. बालदिनाची पुरवणी नऊ तारखेची होती. पान बुधवारी दुपारी छपाईला जातं, तुला माहीत आहे. तुझी वही माझ्या हातात गुरुवारी पडली. तोपर्यंत मी अंदाजानं लिहून टाकलं होतं. सहा वर्षांत तुझ्या घराचा अंदाज कधी चुकला नव्हता, म्हणून. घाई झाली. 'चौक गावातल्या नऊ वर्षांच्या गेविननं हरल्यावर तीनदा स्वतः खेळ मांडला' हे वाक्य माझं आहे, नाकारत नाही. पण तो खेळ काढणारी कंपनी ते वाक्य उचलून डब्यावर स्टिकर करून लावेल, हे मला खरंच माहीत नव्हतं.

शनिवारी इथल्या मॉलमध्ये त्या खेळाचा कार्यक्रम होता. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. गळ्यात बिल्ला, हातात कसलातरी गुलाबी ज्यूस. स्टेजवर एका कुटुंबाला बोलावलं. पत्ता निघाला, 'घरात सगळ्यात खोटारडं कोण?' सगळ्यांनी आपापली सोंगटी ज्याच्यावर टाकायची त्याच्यासमोर ठेवायची, आणि ज्याच्यासमोर ढीग होईल तो मागे जाणार. आई, बाबा, आजोबा, दादा, चौघांनीही ठेवल्या त्या सात वर्षांच्या मुलीसमोर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निवेदक ओरडला, "अरे वाह, फॅमिली एकदम ऑनेस्ट आहे!" मुलगी हसत होती आणि तिची हनुवटी थरथरत होती. आजोबा मोबाइलवर शूटिंग करत होते. माझ्या शेजारची बाई मला विचारते, "मॅडम, इससे बच्चे का कॉन्फिडन्स बढ़ता है ना?" मी बाहेर जाऊन वॉशबेसिनमध्ये ओकले. ज्यूसमुळे असेल.

माझ्या सान्वीला केलीनं फोनवर सांगितलं की गेविनच्या वर्गात एका मुलानं तो डबा आणला. आता रोज मधल्या सुट्टीत मुलं खोडरबर आणि पेन्सिलींची टोपणं गोळा करून सोंगट्यांसारखी त्याच्या बाकावर टाकतात. स्टिकरवरचा गेविन तोच, हे त्यांना कळलंय. तो घरी टेबलाशी जेवत नाही, ताट घेऊन पायरीवर बसतो, हेही कळलं.

मला वाईट वाटतंय. फोन सुरू कर.

संचिता


मीरा रोड
२५ नोव्हेंबर २०२५

आयरिन,

माझंच पत्र परत आलं. खाली तुझ्या अक्षरात तीन शब्द. 'वही कधी आली?'

बस? वीस वर्षांची मैत्रीण आहे मी तुझी. ज्युनिअर कॉलेजपासून एका बाकावर बसलेलो आपण. माझ्या लग्नात तू दोन दिवस आधी येऊन राहिलीस, गेविन झाला तेव्हा हॉस्पिटलमध्ये जेरोमच्या आधी मी पोचले होते. आणि तू मला पोलिसासारखं विचारतेस, वही कधी आली? लिहिलंय की, गुरुवारी.

आणि मीही एक विचारू का? तुमच्या टेबलावर निघालेल्या त्या पत्त्यावर काय होतं? 'कोण घरात नसलं तर घर शांत राहील?' जेरोमनं सोंगटी कोणासमोर ठेवली? केलीनं? तू कोणासमोर ठेवलीस, आयरिन? मस्करीत ठेवली असशील. मलाही माहीत आहे गेविन किती बडबड करतो. पण स्टिकर माझ्यामुळे लागला असेल, सोंगटी तर मी ठेवली नव्हती ना?

हे लिहून मी पेन बाजूला ठेवलं आणि चहा करून आले. खोडणार होते. खोडत नाही. किती खालच्या थराला गेलेय ते तुला दिसू दे.

काल मी केबिन रोडला गेले होते. तिथल्या खेळण्यांच्या दुकानात बाहेरच मांडलाय ढीग, प्रत्येक डब्यावर पिवळं स्टिकर, त्यावर कुरळ्या केसांचा एक कार्टून मुलगा. गेविनचे केस कुरळे नाहीत, तेवढीच देवाची कृपा. मी दुकानदाराला म्हटलं, ये गेम बच्चों के लिए ठीक नहीं है, स्टिकर तरी काढा. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"क्यूं मॅडम? पेपर में तो अच्छा लिखा है."

"मैंने ही लिखा है."

"फिर?" त्यानं आत हाक मारली, "पप्पा, जरा आवो तो. जिसने लिखा है वही मना कर रही है."

म्हातारे बाहेर आले, चष्मा लावून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तेवढ्यात एक बाई डबा हातात घेऊन उभी होती, आपल्या रत्नागिरीकडची असणार बोलण्यावरून. तिला म्हटलं, ताई, नका घेऊ, मुलं रडतात यानं. ती म्हणाली, "अहो, असं कसं? इथं लिहिलंय ना, तीन वेळा मांडला त्या पोरानं. तुम्हाला दुसऱ्या कंपनीनं पाठवलंय काय?" आणि घेऊन गेली. मी तिच्यामागून चार पावलं गेलेसुद्धा. मग ती वळून अशी बघायला लागली की थांबले.

माझ्या लिखाणावर विश्वास ठेवणारी बाई मी स्वतः डोळ्यांनी पहिल्यांदाच बघितली, आणि तिला माझ्यापेक्षा माझं छापलेलं वाक्य जास्त खरं वाटलं. घरी आल्यावर मी हात साबणानं धुतले. दोनदा.

संचिता


मीरा रोड
४ डिसेंबर २०२५

आयरिन,

या वेळी तर पत्रसुद्धा परत आलं नाही.

वही मंगळवारी आली. चार तारखेला, संध्याकाळी. जेरोम भाईंदरला मासळी घेऊन आला होता आणि डबा वॉचमनकडे ठेवून गेला. पान बुधवारी दुपारी गेलं. मधे एक अख्खी रात्र आणि एक सकाळ होती. मी वही वाचली. तुला ते कळलंच असेल. डबा मंगळवारी दिला हे जेरोमनं तुला सांगितलं असणार, आणि माझ्या मागच्या पत्रात पत्त्यावरचा प्रश्न जसाच्या तसा होता, तो फक्त वहीत होता.

गेविनचं अक्षर मला पाठ झालंय.

'कोण जिंकलं: दीदी. कोण रडलं: गेविन. पत्ता आला, कोण घरात नसलं तर घर शांत राहील. सगळ्यांनी माझ्यासमोर ठेवली. मम्मीने पण. परत मांडला का: नाही.'

त्याखाली तू पेनानं लिहिलं होतंस, 'नको. हा डबा कुणाच्याच घरी जायला नको.' आणि 'कुणाच्याच'खाली रेघ.

ही वही मिटून मी लॅपटॉप उघडला आणि लिहिलं की गेविननं तीनदा मांडला. तीन का? दोनदा म्हटलं तर खोटं वाटेल असं मला वाटलं. खोटं बोलतानासुद्धा मी नेटकं बोलले. याचीच मला सगळ्यात जास्त घाण वाटते. घाईघाईत, चुकून लिहिलेलं नव्हतं ते. त्या वाक्यावर मी काम केलं होतं.

का, ते सांगते. माफीसाठी नाही. तुला कधीतरी दुसऱ्याकडून कळण्याआधी.

त्या कंपनीच्या माणसाला मी आपला 'ओहोटी' हा खेळ दाखवला होता. हो, आपला. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला काढलेला, चिंचोक्यांच्या होड्या, पाणी उतरायच्या आत सगळ्यांनी मिळून परत यायचं, एकजण जरी गाळात अडकला तरी सगळे हरले. त्याला आवडला. म्हणाला पुढच्या मेमध्ये काढू, दोघींची नावं घालू. आणि म्हणाला, त्याआधी आमचा 'खरं सांग' जरा उचला, मॅडम. 'उचला' हाच शब्द, म्हणजे सदरात चांगलं लिहा. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मला तुला नाताळला सांगायचं होतं. तुझ्या टेबलावर नमुन्याचा कच्चा डबा ठेवायचा आणि तुझं तोंड बघायचं, एवढंच डोक्यात होतं. त्या तोंडासाठी मी तुझ्या पोराचं रडणं खोडलं.

मी दुसऱ्या कुठल्याही घराची वही अशी फिरवली असती का? नसती. ते लोक भांडायला आले असते. तू समजून घेशील असं मी धरून चालले होते. जवळच्या माणसाशी असं वागता येतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

मी उलटं लिहिलं हे सान्वीलाही माहीत आहे, कुठून कळलं ते ऐक. नऊ तारखेला रविवारी ती पुरवणी वाचत होती. दिपेश, तिचा बाबा, चहा पीत होता. सान्वी म्हणाली, "आई, पण गेविन तर रडला होता ना?" तिनं वही मंगळवारीच उघडली होती, डबा आला की ती आधी वही वाचते, मजा म्हणून. मी म्हटलं, "तू मधे बोलू नको." दिपेश म्हणाला, "काय झालं?" सान्वी म्हणाली, "काही नाही." अकरा वर्षांच्या मुलीनं माझ्यासाठी ते 'काही नाही' म्हटलं. त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर खेळायला बसली तर माझ्याकडे बघून सोंगट्या मोजते. मी लबाडी करीन म्हणून.

मागच्या पत्रातलं ते, तू कोणासमोर सोंगटी ठेवलीस, ते. तू मस्करीत ठेवलीस आणि त्याच दिवशी 'नको' लिहिलंस. मी वाचून, विचार करून, खोटं छापायला दिलं. दोन्ही एक नाहीत. ते मी लिहायला नको होतं.

संचिता


मीरा रोड
१५ डिसेंबर २०२५

आयरिन,

काल छापून आलं, कात्रण आत आहे. तू पेपर घेणं बंद केलं असशील.

हे दोन आठवडे चाललं होतं. पुरवणी बघणाऱ्या वासंतीबाई तुला आठवतात ना, चौकला तुझ्याकडे बोंबील खायला आल्या होत्या त्या. मी त्यांना म्हटलं, मला शिफारस मागे घ्यायची आहे. त्या म्हणाल्या, "घे की. 'अनवधानाने चूक झाली, दिलगीर आहोत', दोन ओळी, पान चारवर तळाला टाकते."

मी म्हटलं, अनवधानानं नव्हती झाली.

"ते आपल्याला माहीत. वाचकाला कशाला?"

"वाचकानं डबे घेतलेत, बाई."

"संचिता, तू असं लिहिलंस तर गेल्या सहा वर्षांचं तुझं प्रत्येक वाक्य लोक तपासून बघतील."

"बघू दे."

"आणि मग तुझं सदर मी कशी चालवू?"

"नका चालवू."

कंपनी पुरवणीला जाहिराती देते, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, तुझ्या जागेवरच छापते, पूर्ण लिही, आणि मग थांबूया. त्यांच्याविषयी मला वाईट बोलता येत नाही.

म्हणून हे शेवटचं 'पटावर'. मी लिहिलंय की वही वाचून उलटं लिहिलं. की मुलगा रडला होता आणि त्यानं खेळ मांडला नाही. की त्याच्या घरच्यांनी मला लेखी 'नको' सांगितलं होतं. नाव घातलं नाही, एकदा घालून झालंय. माझा खेळ छापायचं आमिष होतं हेही लिहिलंय. ती ओळ वासंतीबाईंनी काढली होती, मी परत घातली, त्यांनी परत काढली, मग पानाचा मजकूर पाठवायला पाच मिनिटं असताना मला फोन करून म्हणाल्या, "राहू दे तुझी ओळ. घे."

कंपनीनं 'ओहोटी' घेणार नाही असं कळवलं. मी त्याआधीच त्यांना नको कळवलं होतं, पण ते तुला पटवून द्यायला माझ्याकडे आता काही उरलेलं नाही. कॅलेंडरचा कागद तुझाही आहे. या पाकिटात घातलाय. चिंचोके माझ्याकडे आहेत, मागितलेस तर पाठवते.

स्टिकर निघायला लागलेत. केबिन रोडच्या त्या दुकानात म्हाताऱ्या शेठनी कात्रण काचेवर चिकटवलंय. मला बघून म्हणाले, "अब आप सच्ची लगती हो, बेटा. लेकिन धंधा खराब किया." मग स्वतःच नखानं एक स्टिकर खरवडून दाखवला. खाली चिकट डाग राहतो. तो जात नाही म्हणे, रॉकेलनं जाईल.

लोकांचे मेसेज येतायत. निम्मे म्हणतात केवढा प्रामाणिकपणा. ते वाचून मला पहिल्यापेक्षा जास्त किळस येते. एका बाईनं लिहिलं, आमच्या इशितासमोरपण सगळ्यांनी ठेवल्या होत्या, आम्हाला वाटलं खेळ आहे, ती दोन दिवस जेवली नाही.

गेविनच्या वर्गात कात्रण पोचावं एवढीच इच्छा. केलीकडे एक प्रत सान्वी पाठवतेय.

संचिता


मीरा रोड
२२ डिसेंबर २०२५

आयरिन,

काल मी चौकला येऊन गेले. तू वर होतीस. पडदा हलला, मी बघितलं. जेरोम दारात जाळं शिवत होता. मी विचारायच्या आत म्हणाला, "ती घरात न्हाय." मग स्वतःच म्हणाला, "हाय. पन येत न्हाय." मी म्हटलं, मी गेविनकडे आलेय. तो सरकून बसला, म्हणजे ये असंच ना?

गेविन पायरीवर ताट घेऊन बसला होता. त्याच्या खालच्या पायरीवर मी बसले. खेळ आणला नव्हता, फक्त एक कोरी वही आणि पेन्सिल. तो माझ्याकडे न बघता काटे काढत होता.

मी म्हटलं, "तू वहीत खरं लिहिलं होतंस. मी ते बदलून छापलं. तुला न विचारता तुझं नाव घातलं. आता पेपरात सगळ्यांना सांगितलंय की मी खोटं लिहिलं."

"मला माहीत हाय," तो म्हणाला. "टीचरनी वाचून दाखवलं."

"मग? वर्गात अजून टाकतात?"

"दोघं टाकतात. ते येडे हायत." मग म्हणाला, "आंटी, तुम्ही तीनदा का लिहिलं? एकदा लिहायचं ना. तीनदा कोन मांडतो?"

आयरिन, या प्रश्नाचं उत्तर मी तुला दिलं होतं. त्याला देता आलं नाही. मी म्हटलं, "मी हरलेय, गेविन. हरलेल्यानं काय करायचं ते तुला माहीत आहे. मी परत येऊ का कधी? खेळ घेऊन, नाहीतर नुसतीच?"

त्यानं ताट खाली ठेवलं, हात शर्टाला पुसले आणि वही ओढून घेतली. माझ्याकडे पाठ करून लिहीत बसला. इतका वेळ लावला की जेरोमनं जाळं ठेवून मला चहा आणून दिला. साखर जास्त होती, सगळा प्यायले. मग गेविननं वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बसमध्ये वाचा."

मी बसमध्ये वाचली.

'कोण जिंकलं: कोणी नाही. कोण रडलं:' इथं आधी 'कोणी नाही' लिहून खोडलंय आणि वर लिहिलंय, 'आंटी थोडी'. 'परत मांडला का:' पुढे काही नाही. कोरं आहे. विसरला नाही, पेन्सिलीचं टोक टेकवलेलं दिसतंय कागदावर.

ही वही जेरोमबरोबर परत पाठवतेय, पेन्सिल आत आहे. ती ओळ तुमच्या घरात भरली जाऊ दे, उद्या, ईस्टरला, किंवा कधीच नाही. आणि भरली तर काय भरली, ते मला कळवायलाच हवं असं नाही.

एवढंच सांगते की मी रडले नव्हते. समुद्राचा वारा होता, चौकला तो नेहमीच असतो, डोळे चुरचुरत होते. पण वहीत तसं लिहिलंय. तर तसं.

संचिता